दर्शनी बाजू कोणाची

शिडीच्या वरच्या पायरीवर मी उभा होतो. एका बगलेत बोर्ड, दुसऱ्या हातात ड्रिल, दातांत दोन स्क्रू. खाली दोन वाड्या समोरासमोर उभ्या होत्या आणि कोणीही मला तो बोर्ड लावू देत नव्हतं. दातांत स्क्रू असल्यामुळे मला बोलता येत नव्हतं, हे एका परीने बरंच होतं.

"रस्त्याकडच्या अंगाला आमचा बोर्ड लागंल," काशिनाथ तांडेल म्हणाला. तो खालच्या वाडीचा पुढारी. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. समुद्रावर त्याचा शब्द शेवटचा असतो आणि काशिनाथ जमिनीवरही तसाच बोलायचा.

"तुमचा लागेल की. पण मागल्या अंगाला," आप्पा म्हणाले. आप्पा वरच्या वाडीतले मोठे बागायतदार. शिवाय माझे सासरे. त्यामुळे शिडीवरून उतरावं की वरच थांबावं, हा माझ्यापुढचा प्रश्न निव्वळ तांत्रिक नव्हता.

माझं रत्नागिरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. फॅब्रिकेशन म्हणजे लोखंड कापायचं, वाकवायचं, वेल्ड करायचं आणि गिऱ्हाइकाला हवं ते बनवून द्यायचं. गेट, ग्रिल, पाण्याच्या टाकीचे स्टँड, आंब्याच्या पेट्यांसाठी शेड. डिप्लोमा मेकॅनिकल झाल्यावर मी नोकरी न शोधता हा धंदा टाकला. समुद्राच्या हवेने लोखंड गंजतं, त्यामुळे आमच्याकडे या धंद्याला मरण नाही.

गावाचं नाव सांगत नाही. सासुरवाडी आहे आणि मला तिथे अजून जेवायला जायचं असतं. आरे-वारेच्या रस्त्याने मालगुंडाकडे निघालात की मध्ये एक बसथांबा लागतो, एवढं पुरे. थांब्यापासून खाली समुद्राकडे उतरलं की खालची वाडी, मच्छीमारांची. वर चढलं की वरची वाडी, आंबेवाल्यांची. दोन्हींना जोडते ती पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची जुनी वाट. थांब्यापासून वर जाताना ती आप्पांच्या बागेतून जाते आणि बागेच्या तोंडाशी बेडं आहे. दोन दगडी खांबांना भोकं पाडून त्यांत आडवे बांबू सरकवायचे, हे कोकणातलं गेट. त्याऐवजी लोखंडी गेट बसवून देतो असं मी लग्नापासून सांगत होतो. आप्पा म्हणत, बांबू गंजत नाही.

ही दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. किनाऱ्याच्या रस्त्याने मुंबईच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. मोबाईलची रेंज फक्त सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर चढल्यावर मिळायची, त्यामुळे ज्याला महत्त्वाचं बोलायचं असेल तो माणूस आधी घाम गाळायचा. गावात एक निवृत्त गुरुजी होते. आपली पाखाडी पाहुण्यांना दाखवावी, वाटेवर कुठे काय आहे ते लिहून ठेवावं, असं त्यांनी मनावर घेतलं. दोन्ही वाड्यांतली माणसं दर रविवारी जमू लागली. झाडी साफ झाली, हललेल्या पायऱ्या पुन्हा बसवल्या गेल्या. कामाला सगळे एकदिलाने होते, कारण तेव्हा बोर्ड नव्हता.

मग गुरुजींना किऑस्क हवासा वाटला. किऑस्क म्हणजे उघडी छपरी. तिच्यात माणूस बसत नाही, माहितीचे बोर्ड असतात. हा शब्द त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचला होता. गावात तो कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे टपरी म्हणू लागले. या टपरीत चहा मिळणार नाही हे समजल्यावर काही स्वयंसेवकांचा उत्साह जरा ओसरला, पण काम थांबलं नाही. मला त्यात ओढलं सासूबाईंनी. त्यांनी विषय काढला सोलकढी वाढताना. त्यांची सोलकढी पीत असताना माणूस कशालाच नाही म्हणू शकत नाही.

जागा दिली आप्पांनी, थांब्याला लागून असलेला बागेचा तुकडा. चिरे वाहिले खालच्या वाडीने. चिरा म्हणजे जांभ्याची वीट, पण वजनाला विटेची थोरली आत्या. चार खांब उभे राहिले, त्यांवर मी लोखंडी कैची, म्हणजे छपराचा सांगाडा, बसवली, वर मंगलोरी कौलं. रत्नागिरीच्या एका पेंटरने दोन सुंदर बोर्ड रंगवून दिले. एकावर वरची वाडी: देवीचं देऊळ, हापूसची कलमं, सडा. दुसऱ्यावर खालची वाडी: होड्या, बंदर, मासे सुकवायचं वाळवण. माझ्या ड्रॉइंगमध्ये हे बोर्ड पाठीला पाठ लावून होते आणि ड्रॉइंग बघून दोन्ही वाड्यांच्या कमिटीने मान डोलावली होती. पण ड्रॉइंगवर दरड नव्हती. प्रत्यक्षात टपरीच्या मागे हातभर अंतरावर दरड उभी होती. म्हणजे एक बोर्ड रस्त्यावरचे पाहुणे वाचणार आणि दुसरा पाली वाचणार.

बाहेरच्या वाचकाला वाटेल, बोर्डाचं काय एवढं. त्याने आमच्याकडचा मान पाहिलेला नाही. शिमग्यात देवीची पालखी आधी कोणाच्या अंगणात जायची, तिला पहिला खांदा कोणी द्यायचा, होळीला पहिली पेंढी कोणी लावायची, प्रत्येक गोष्टीचा मान ठरलेला असतो. तो मागून मिळत नाही आणि सोडून देता येत नाही. बोर्ड ही नवी वस्तू होती, तिचा मान ठरलेला नव्हता. सगळा घोळ तिथेच झाला.

आप्पांचं म्हणणं, पालखी आधी वरच्या वाडीत येते, जागाही आमची, तेव्हा दर्शनी बाजू आमची. काशिनाथचं म्हणणं, नारळी पौर्णिमेला सगळा गाव आमच्या बंदरावर येतो आणि या टपरीचा एकेक चिरा आमच्या डोक्यावरून आला आहे. दोघांचंही खरं होतं. त्यामुळे मिटवायला जागाच उरली नव्हती.

मी उतरलो. स्क्रू खिशात टाकले आणि म्हटलं, दोन्ही बोर्ड लहान करून समोरच शेजारी शेजारी लावू. लगेच प्रश्न आला, उजवीकडे कोण. मग एकाखाली एक लावू म्हटलं. वर कोण, हे विचारायचेसुद्धा कष्ट कोणी घेतले नाहीत. गुरुजी चिठ्ठ्या टाकू म्हणाले.

"मान चिठ्ठीने ठरवलान का कोणी आजवर?" आप्पांनी विचारलं आणि गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला.

सभा मोडली. दोन्ही बोर्ड माझ्या टेंपोतून वर्कशॉपला परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी बेड्याचे सगळे बांबू सरकवले आणि काथ्याने आवळून बांधले. कारण तयार होतं. मोहोर आला होता, फवारणी चालू होती, अशा वेळी बागेत बाहेरच्यांची ये-जा नको. फवारणी खरंच चालू होती, त्यामुळे कोणाला बोट ठेवता येईना. फक्त इतकी वर्षं फवारणी होत होती आणि बेडं कधी बांधलं गेलं नव्हतं.

आप्पांनी राग काढला तांडेलावर, पण अडकली भागीआत्या. ती खालच्या वाडीतली मासे विकणारी. माझी बायको तिला लहानपणापासून आत्या म्हणते. रोज सकाळी होड्या लागल्या की ती आणि तिच्या बरोबरच्या तिघीचौघी डोक्यावर पाट्या घेऊन पाखाडी चढायच्या, आप्पांच्या बागेतून वरच्या वाडीत जायच्या आणि दारोदार मासे देऊन यायच्या. बेडं बांधल्यावर त्यांना उरला गाडीरस्ता, तो डोंगराला वळसा घालून जातो. भरली पाटी घेऊन तो वळसा चालला की मासे उन्हं चढल्यावर पोचतात. त्यातच एक टेंपोवाला बर्फातली मासळी घेऊन हॉर्न वाजवत वरच्या वाडीपर्यंत यायला लागला होता. भागीआत्या पोचायच्या आत त्याचा हॉर्न वाजला की तिची गिऱ्हाइकं गेली. आणि त्या गिऱ्हाइकांवर तिचं घर चालत होतं.

ती मला भेटायला थेट वर्कशॉपात आली. ग्राइंडर चालू होता, तो मी बंद केला.

"टपरीचं काय ता तुमी पुरुषांनी बगा," ती म्हणाली. "माज्या वाटंला बेडं कशाला? तुमचे सासरे हायत, तुमी सांगा."

मी सांगून ऐकतील ते आप्पा नव्हेत, असं मी म्हणालो. ती म्हणाली, मग जावई होऊन काय मिळवलंत. जाताना तिने बायकोसाठी म्हणून दिलेले पेडवे इतके ताजे होते की खाताना लाज वाटली. पण खाल्ले.

वर्कशॉपच्या मागे भंगारात एका टेंपोचा पुढचा हब पडला होता. हब म्हणजे चाकाच्या मधला गोल तुकडा, ज्याला चाक बोल्टने बसतं. त्याच्या आत बेअरिंग असतात, म्हणजे दोन कड्यांच्या मधोमध पोलादी रोलर. त्यांना ग्रीस दिलं की भरलेला टेंपोही लोण्यासारखा पळतो. विचार करता करता मी त्या हबला पायाने एक धक्का दिला. तो फिरू लागला. चहा आला, संपला, हब आपला फिरतोच आहे.

तेव्हा डोक्यात आलं. बोर्ड खांबाला ठोकायचेच कशाला?

मी हबचा दांडा उभा करून लोखंडी प्लेटला वेल्ड केला. प्लेट टपरीच्या मधोमध काँक्रीटमध्ये पुरायची. दांड्यावर हब, हबवर पाइप, पाइपवर दोन्ही बोर्ड पाठीला पाठ. एका बोटाने ढकललं की सगळं फिरणार. मग कमिटीपुढे मी अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितलं की आधुनिक किऑस्कला दर्शनी बाजू नसतेच. पाहुणा येतो, फिरवतो, वाचतो. परदेशात असंच असतं, असंही ठोकून दिलं. परदेशात काय असतं हे मला माहीत नव्हतं, पण कमिटीलाही नव्हतं.

आप्पा हो म्हणाले. काशिनाथ हो म्हणाला. दोघेही इतक्या चटकन हो म्हणाले की मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. प्रत्येकाने मनात ठरवलं होतं, फिरतंय ना, मग आपण फिरवू. पण त्या संध्याकाळी बेडं उघडलं, आणि मी खुशीत घरी गेलो.

उद्घाटनाला तालुक्याचे एक साहेब आले. नारळ फुटला, रिबन कापली, साहेब दोन पावलं मागे सरून बोर्डाकडे बघू लागले आणि नेमका समुद्रावरून वारा सुटला. माझ्या हातून पाइप बोर्डाच्या मध्यापासून थोडा बाजूला लागला होता. अशी वस्तू वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या बाणासारखी वागते, वारा येईल तिकडे नाक करून उभी राहते. बोर्ड हळूच फिरला आणि रस्त्याकडे आपली कड करून थांबला. साहेबांना ना देऊळ दिसलं ना होड्या. दिसली दोन बोटं रुंदीची लोखंडी पट्टी. ते पट्टीकडे बघून छान आहे म्हणाले, कारण त्यांना पुढे आणखी एका कार्यक्रमाला जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लॉकिंग पिन बसवली. म्हणजे हबच्या कडेला आणि खालच्या प्लेटला आरपार भोकं पाडून त्यांत एक खीळ. खीळ घातली की बोर्ड गप्प, काढली की फिरणार. भोकं अशी ठेवली की एकतर वरची वाडी रस्त्याला, नाहीतर खालची. वाऱ्याचा बंदोबस्त झाला. माणसांचा व्हायचा होता.

सकाळी थांब्यावर खालच्या वाडीची माणसं आली की बोर्डावर होड्या. दुपारी वरची माणसं उतरली की देऊळ. बसची वाट बघणारे तिऱ्हाईत लोकही हात चालवून घेऊ लागले. बस जितकी उशिरा, तितका बोर्ड जास्त फिरायचा. मुंबईचं एक कुटुंब मासे कसे सुकवतात ते वाचत उभं होतं. वाक्य अर्ध्यात आलं तोच मागून कोणीतरी बोर्ड फिरवला आणि ते वाळवणावरून थेट हापूसच्या कलमावर पोचले. त्यांतल्या गृहस्थांनी माझ्याकडे कौतुकाने बघत विचारलं, हे ऑटोमॅटिक आहे का. मी हो म्हटलं.

एका रविवारी मी सासुरवाडीला मुक्कामाला होतो. सकाळी पाय मोकळे करायला पाखाडी उतरून थांब्यापर्यंत आलो, तर टपरीत आप्पा. एक हात बोर्डावर, दुसरा स्वेटरच्या खिशात. मला बघून त्यांनी बोर्डावरचा हात काढला. बोर्ड मात्र सावकाश फिरतच राहिला, बेअरिंग माझं होतं.

"लवकर उठलात, आप्पा," मी म्हटलं.

"जास्वंद काढायला आलो होतो," ते म्हणाले.

थांब्यापाशी जास्वंद नव्हती. हातात परडी नव्हती. खिशातून खिळीचं टोक तेवढं बाहेर आलं होतं. मी फुलांची चौकशी केली नाही आणि आम्ही दोघे गप्पा मारत चहाला वर आलो. जावयाने सगळंच बघायचं नसतं.

वरच्या वाडीने खीळ घरी न्यायला सुरुवात केल्यावर खालच्या वाडीने होडीच्या इंजिनाचा बोल्ट आणून घातला. तोही नाहीसा झाला. शेवटी एका सकाळी बोर्ड खालच्या वाडीची बाजू रस्त्याला करून नायलॉनच्या दोरीने खांबाशी बांधलेला सापडला. गाठ होडीवरची होती. ती ओढली की आणखी आवळते. वरच्या वाडीतल्या चार जाणत्या माणसांनी तिच्यावर नखं झिजवली. कोयता घालायचा तर भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत घालावा लागला असता, आणि ते दिसायला बरं दिसलं नसतं. काशिनाथ समोरच्या कठड्यावर बसून शांतपणे विडी ओढत होता.

आप्पा घरी आले आणि बेडं बांधलं. फवारणी.

या वेळी भागीआत्या वर्कशॉपात आली नाही. हे मी नंतर सासूबाईंकडून ऐकलं. ती बेड्यापर्यंत चढली, बांधलेला काथ्या पाहिला, आणि पाटी घेऊन परत थांब्यावर उतरली. बाकीच्या बायकांनाही तिने तिथेच थांबवलं. मग आप्पांच्या गड्याला निरोप दिला, की आता बेडं उघडलंत तरी आम्ही वर येत नाही. आधी टपरीचा निकाल लावा, मग मासळी. आणि आलेल्या बसने सगळ्या जणी रत्नागिरीच्या बाजारात निघून गेल्या.

हे बोलायला सोपं होतं. बाजारात ज्याची त्याची जागा ठरलेली असते. या बायका कडेला, उन्हात बसल्या आणि मिळेल त्या भावात पाट्या रिकाम्या करून परतल्या. इकडे वरच्या वाडीत टेंपोवाल्याचा हॉर्न दिवसातून दोनदा वाजू लागला. वाडीने एकदा त्याच्याकडून घ्यायची सवय लावून घेतली असती, तर भागीआत्याला नंतर वाट मोकळी मिळूनही काही उपयोग नव्हता. तिने जन्मभर जोडलेली दारं पणाला लावली होती, आणि ती हे जाणून होती. बायकोने मला हे सांगितलं तेव्हा त्या हबचं मला पहिल्यांदाच हसू आलं नाही.

पण वरच्या वाडीतल्या स्वयंपाकघरांचा विचार पुरुषांनी केला नव्हता. टेंपोवाला आला, सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी एक बांगडा उचलला, कल्ला उघडून आतला रंग बघितला आणि बांगडा परत बर्फावर ठेवून दिला. शेजारणीनेही तेच केलं. त्या दिवशी जेवायला कुळथाची पिठी झाली. दुसऱ्या दिवशी पिठी. मी रविवारी तळलेल्या माशाच्या आशेने पोचलो, तर ताटात पिठी, आणि आप्पांच्या चेहऱ्यावर पिठीइतकाच उत्साह.

"रविवार आहे आज," आप्पा ताटाकडे बघत म्हणाले.

"बेडं तुम्ही घातलंत," सासूबाई म्हणाल्या. "पिठी तुम्हीच संपवा."

आणि त्यांनी आणखी एक डाव वाढला. मला वाटतं त्यांच्या संसारातलं हे सगळ्यात मोठं भांडण असावं, कारण आप्पांनी तीही निमूट संपवली. हात धुतल्यावर आप्पांनी गड्याला भागीआत्याकडे निरोप घेऊन पिटाळलं आणि मला विचारलं, नट-बोल्टचे पाने आणलेत का. माझे पाने गाडीतच असतात.

आम्ही पाखाडी उतरलो. बेड्यापाशी आप्पांनी खालचे दोन बांबू काढले, आम्ही वाकून बाहेर आलो, आणि त्यांनी ते परत सरकवून ठेवले. टपरीच्या कट्ट्यावर भागीआत्या बसली होती. काशिनाथला तिनेच बोलावून घेतलं होतं. तो उभा होता, तिने त्याला बस म्हटलं नव्हतं.

सुरुवात ते दोघे करणार होते, पण तिने करू दिली नाही.

"शिमग्याला पालखी वर जाती, तवा बोर्ड वरच्यांचा," ती म्हणाली. "नारली पुनवंला खालच्यांचा. मदी कोनी हात लावायचा नाय."

नवा मान कोणी मागतच नव्हतं, जुनेच दोन मान जिथल्या तिथे ठेवले होते. याला नाही म्हणायचं तर देवीला नाही म्हणावं लागलं असतं, किंवा समुद्राला. गुरुजींना, मला आणि अख्ख्या कमिटीला हे का सुचलं नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आम्ही बोर्डाकडे बघत होतो, बहुतेक.

मग काशिनाथने विचारलं, फिरवणार कोण? आणि आप्पांनी घसा साफ केला. नवा मान जन्माला येत होता आणि त्याला धनी नव्हता.

"मी फिरवीन," भागीआत्या म्हणाली. "ह्या वाटंनं रोज पाटी घिऊन मी चालतंय. तुमी दोगं नाय."

मी मध्ये तोंड घातलं. खीळ काढून तिथे दुहेरी नटाचा बोल्ट घालतो, तो पान्याशिवाय हलणार नाही, आणि पाना भागीआत्याकडे राहील. शिवाय दर वेळी फिरवताना हबला ग्रीस द्यावं लागेल, नाहीतर खाऱ्या हवेने बेअरिंग गंजून जाम होईल. ग्रीसगन कशी दाबायची ते मी तिला तिथेच दाखवलं. तिने पहिल्याच दाबाला ग्रीस काशिनाथच्या शर्टावर उडवलं. मुद्दाम का, ते विचारायची हिंमत त्याला झाली नाही. होडीची गाठ त्याने स्वतः सोडली, अर्ध्या मिनिटात.

"आनि बेडं?" भागीआत्याने विचारलं.

आप्पा म्हणाले, फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप देईन, तेवढा दिवस टाळा. बाकी रोज उघडं. पण बेडंच काढून टाकायला ते तयार नव्हते. गुरं शिरतील, म्हणाले. तेही खरं होतं. बेडं असेपर्यंत ते बांधायचा काथ्याही असणार, हे भागीआत्याला कळत होतं, आणि मलाही.

मी म्हटलं, आप्पा, माणूस जाईल आणि गुरं जाणार नाहीत असं काहीतरी करून देतो. जावयाची भेट समजा.

पुढच्या आठवड्यात बेड्याच्या जागी मी लोखंडी पाइपांचा नागमोडी रस्ता बसवला. दोन कठडे एकमेकांना चुकवून उभे केले, कमरेइतके उंच. माणूस वळण घेऊन आत जातो. गाईचं अंग लांब, ती वळणात अडते आणि मागे फिरते. पाइप कमरेपर्यंतच ठेवले, कारण डोक्यावरची पाटी त्यांच्या वरून जायला हवी. मोजमाप घेताना मी भागीआत्याला पाटीसकट उभं केलं होतं. काँक्रीट सुकल्यावर आप्पा बघायला आले. त्यांनी पाइपांवर हात फिरवला, दोन्ही टोकांना जाऊन काहीतरी शोधलं.

"याला कडी कुठे?" त्यांनी विचारलं.

"कडी नसते, आप्पा. दारच नाही."

"मग बंद कसं करायचं?"

"बंद होत नाही," मी म्हटलं.

मी हत्यारं आवरायला घेतली.

"सुहासराव, तुम्ही नक्की कुठल्या वाडीचे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी रत्नागिरीचा. ते वळण घेऊन एकदा बाहेर गेले, परत आत आले, पोट जरा पाइपाला घासलं त्याबद्दल मला बोलले, आणि गुरांना हे बरं अडवेल असं म्हणून घरी गेले. दुसऱ्या दिवशी भागीआत्या त्याच वाटेने वर गेली. सासूबाईंनी तिच्याकडून सौंदाळे घेतले आणि घासाघीस केली नाही, हे त्या वाडीत अजून सांगतात.

त्या शिमग्याला पालखी वर गेल्यावर भागीआत्याने पाना लावला, बोर्ड फिरवला, ग्रीस दिलं. ढोल वाजले. पालखीच्या वेळी ग्रीसगनलाही कोणीतरी कुंकू लावून ठेवलं होतं. मी इंजिनिअर आहे, मी काही म्हटलं नाही.

आता भागीआत्याचे गुडघे चढ घेत नाहीत. तिची सून पाटी घेऊन जाते आणि ग्रीसचा मानही तिच्याकडे आला आहे. बेअरिंग मी एकदा बदललं. बोर्डांची मात्र उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने पार वाट लागली. पेंटरने काढलेलं देऊळ गेलं, होड्या गेल्या, अक्षरं गेली. दोन्ही बाजू स्वच्छ कोऱ्या आहेत. तरी शिमग्याला एक कोरी बाजू वाजतगाजत रस्त्याला येते आणि नारळी पौर्णिमेला दुसरी. पाहुणे वाट विचारतात ती सुनेला.

मध्यंतरी मला राहवलं नाही. मी गावात निरोप पाठवला की दोन्ही बोर्ड माझ्याकडून नव्याने रंगवून देतो. वरच्या वाडीचा फोन आला, चांगली कल्पना आहे. खालच्या वाडीचा फोन आला, चांगली कल्पना आहे. आणि दोन्ही फोनवर पुढचा प्रश्न एकच होता, आधी कोणाची बाजू रंगवणार?

पेंटर आजारी आहे, असं मी दोघांनाही कळवलं. धंद्यात इतक्या वर्षांनी एवढं समजलं आहे की गिऱ्हाईक बोर्डावरून भांडत असलं तर आधी बेडं बघून यावं. कोऱ्या बोर्डाने गावात कोणाचंच काही अडलेलं नाही. वाट चालू आहे.